वाचकांचे प्रश्न: पोरं खुश, पण डोक्यात काय राहिलं?

प्रश्न : ताई, मी सहावी ते आठवीला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवते. हल्ली शक्य तिथे कृतीतून शिकवते, पोरं जाम खुश असतात, पण नंतर विचारलं की "मॅडम आपण क्लेचा डोंगर केलेला" एवढंच आठवतं, समोच्च रेषा म्हणजे काय ते कुणालाच सांगता येत नाही. वर मुख्याध्यापक म्हणतात गोंगाट होतो, पोर्शन मागे पडतो. काय करू?

उत्तर : तुमचा डोंगर वाया गेलेला नाही, फक्त पाण्यात बुडवायचा राहिलाय. खरंच सांगते. एक बाजू मुद्दाम उभी आणि दुसरी पसरट असा डोंगर पारदर्शक डब्यात ठेवा (तेलकट क्ले घ्या, साधी माती विरघळते), डब्याला बाहेरून मोजपट्टी चिकटवा आणि एक सेंटीमीटर पाणी ओता, पाणी डोंगराला जिथे टेकतं तिथे काडीने सगळीकडून रेघ ओढायची, मग परत एक सेंटीमीटर पाणी, परत रेघ, असं शिखरापर्यंत. नंतर पाणी काढून डब्यावर पारदर्शक शीट ठेवायची आणि एक डोळा मिटून बरोब्बर वरून बघत त्या रेघा मार्करने उतरवायच्या. झाला नकाशा, आणि त्यावरची प्रत्येक रेघ म्हणजे समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणारी.

पण पाणी ओतायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, रेघा कुठल्या बाजूला जवळजवळ येतील आणि का. हे लिहून घेतलं नाही तर तो नुसता हस्तकलेचा तास होतो. आणि शेवटी गटांनी शीटांची अदलाबदल करायची, हातातल्या शीटवरून टेबलावरचा कुठला डोंगर ते ओळखायचं, तिथे जी भांडणं होतात ना, "अरे इकडे रेघा चिकटल्यात म्हणजे चढ उभा आहे", तेच तुमचं शिकवणं. त्यासाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा, आवराआवरीत जाऊ देऊ नका.

नकाशाचंच अजून एक, फक्त कागद-कात्री लागते. मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीच्या जगाच्या नकाशावरून ग्रीनलंड आणि आफ्रिका ट्रेस करून कापायला लावा, दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. मग तेच पृथ्वीगोलावरून ट्रेस करायचं, आणि मग आकडे द्यायचे: आफ्रिका सुमारे 3 कोटी चौरस किलोमीटर, ग्रीनलंड 22 लाखाच्या आत, म्हणजे साधारण 14 पट फरक! लगेच पोरं म्हणतात नकाशा खोटा आहे. तर नाही, 1569 चा तो नकाशा खलाशांसाठी होता, होकायंत्राची एकच दिशा धरून जायचा मार्ग त्यावर सरळ रेघेत येतो, त्यासाठी आकारमानाचा बळी दिलाय. नकाशा कुणासाठी काढलाय हे विचारायची सवय लागली की इतिहासातली साधनं वाचतानाही ती कामाला येते.

नागरिकशास्त्रात संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद वर्गात भरवा. 15 सदस्य, त्यातले 5 कायम, ठराव पास व्हायला 9 मतं. बाकीच्या वर्गाने ठराव लिहायचा. 14 हात वर आणि एका कायम सदस्याचा विरोध, ठराव पडला, कारण कायम सदस्याला नकाराधिकार (व्हेटो) असतो. "हे चीटिंग आहे!" असा आरडाओरडा होणारच, तो झाला की मगच विचारायचं, 1945 मध्ये हे बाकीच्या देशांनी कबूल का केलं असेल? आधी नियम समजावून सांगत बसू नका.

गुलामगिरी किंवा दंगली यांचं मात्र नाटक नको, माझं मत ठाम आहे. कुणाला तरी मार खाणारा व्हावं लागतं आणि बाकीचे हसतात. त्या लोकांच्या आठवणी, पत्रं वाचायला द्या.

पोर्शनचं म्हणाल तर प्रत्येक पाठाला कृती हवीच असं काही नाही, जिथे पुस्तकातली व्याख्या पाठ होते पण कळत नाही तिथेच करा. आणि गोंगाटाबद्दल मुख्याध्यापकांना एकदा त्या शेवटच्या दहा मिनिटांना वर्गात बोलवाच.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शाळेतून दर थोड्या दिवसांनी मॉडेल मागतात आणि रात्री थर्माकोल कापत आम्ही बसतो. नाही म्हणावं का?

उत्तर : म्हणा की! कात्री तिच्या हातात द्या आणि वेडंवाकडं झालं तरी तसंच पाठवा, सोबत तिच्याच अक्षरात दोन ओळी, यातलं काय खरं आहे आणि काय अंदाजाने केलंय. मार्क कमी पडले तर पडू देत, मात्र पालकसभेत हा विषय काढा, बाकीचे पालकही रात्री कापतच बसलेले असतात.