लिनक्स टाकल्यापासून लॅपटॉपची स्क्रीन मधूनच काळी होते, लॅपटॉप मात्र चालूच राहतो. पॅनल बदलावं का?

नका बदलू. निदान आज रात्री खोलीतला दिवा बंद करून बघितल्याशिवाय तरी नाहीच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जुन्या इंटेलच्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं आणि हाच त्रास सुरू झाला. टायपिंग चालू असेपर्यंत ठीक, सातबारा वाचत बसलो की स्क्रीन गुल. तालुक्याच्या दुकानदारानं न उघडताच सांगितलं, "पॅनल गेलं भाऊ, ६,५०० लागते." घरी दादा म्हणाला, "फुकटच्या बियाण्याले उगवण नसते. विंडोज टाक." ते मला फार लागलं. हाच दादा घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो, ७० उगवले तरच पेरतो. मग लॅपटॉपची उगवण कोणी तपासली?

त्याच रात्री लाईट गेली. बॅटरीवर काम चालू असताना स्क्रीन काळी झाली, आणि मिट्ट अंधारात दिसलं की ती पुरती काळी नाहीच. राखाडी उजेड कीबोर्डवर पडला होता. म्हणजे स्क्रीनमागचा दिवा जिवंत, फक्त चित्र येत नव्हतं. मग बायोस (लॅपटॉप सुरू होताना, लिनक्सच्या आधी उघडणारं सेटिंगचं पान) उघडून अर्धा तास तसाच ठेवला, स्क्रीन गेली नाही. तिथं लिनक्सचा ड्रायव्हर नसतो.

खोट पीएसआरमध्ये, म्हणजे 'पॅनल सेल्फ रिफ्रेश'मध्ये निघाली. चित्र हलत नसलं की पॅनल स्वतःच्या मेमरीतून ते दाखवत राहतं, ग्राफिक्स चिप तेवढी वीज वाचवते. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू होण्याआधीचा मेनू) 'ई' दाबून 'लिनक्स' शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी i915.enable_psr=0 लिहिलं (आय९१५ म्हणजे इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर) आणि एफ१० दाबलं. हा बदल एका बूटपुरताच असतो, बिनधास्त करा. जमलं तर ग्रबच्या सेटिंग फाइलीत लिहून अपडेट-ग्रब चालवा. 'नोमोडसेट' कायमचं टाका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्यानं ड्रायव्हरच बाजूला पडतो आणि मशीन रडतखडत चालते.

हे इंटेलचं झालं, एएमडी-एनव्हिडियाचे पर्याय वेगळे. पीएसआर बंद केल्यावर बॅटरी थोडी जास्त खाते. बायोसमध्येही स्क्रीन गेली, तर मात्र केबल किंवा पॅनल बघा.

माझं पॅनल तेच आहे. यंदा दादाच्या पीक विम्याचा अर्ज त्याच्यावरच भरला, दादा शेजारी बसून ओळ न् ओळ वाचत होता.