खरं घर वर आहे, मग इथं कशाला जीव लावायचा?

प्रश्न – नमस्कार सर. मार्चमध्ये आमचे पप्पा प्रभूमध्ये झोपी गेले, म्हणजे वारले. सांत्वनाच्या प्रार्थनेला आलेला प्रत्येक जण आईला हेच सांगत होता की रडू नका, ते चांगल्या ठिकाणी आहेत, रडणं म्हणजे अविश्वास. तेव्हापासून आई रडत नाही, पण धड जेवतही नाही. आणि धाकटा भाऊ, जो गावच्या पाणी कमिटीत धडपड करायचा, दहावीच्या पोरांना फुकट गणित शिकवायचा, त्याने सगळं सोडलंय. म्हणतो आपण इथं परदेशी, पृथ्वी जळून जाणार, बायबलमधलं वचनच दाखवतो त्यामुळे मला पुढे बोलता येत नाही. स्वर्गाची आशा धरायची म्हणजे इथलं सोडून द्यायचं का? आणि एक, पप्पा आम्हाला तिथं ओळखतील का? – एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर – ताई, आधी आईंचं. त्यांना रडू द्या. आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, आणि आपण याला आता उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला, मग इतक्या वर्षांचा संसार संपलेल्या बाईला कोण कुठल्या तोंडाने गप्प बसवतं? प्रेषित पौल आपल्या पत्रात थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला रडू नका असं सांगतच नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं दुःख करू नका एवढंच सांगतो. आपल्याकडे वाक्याचा अर्धा भाग उचलून दुखऱ्या माणसाला ऐकवायची सवय लागलीये, त्याने फार नुकसान होतं. आणि जेवण इतके दिवस सुटलंय तर डॉक्टरांना दाखवाच, नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका.

आता भावाचं. तो वचन दाखवतो ना, मग त्याला एवढंच म्हणा की दादा, थोडं पुढे वाच. पृथ्वी जळण्याचं तो बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलं 3:10 (अध्याय 3, वचन 10) दाखवत असणार, तीनच ओळी पुढे 3:13 मध्ये नवं आकाश आणि नवी पृथ्वी येते, जिथं नीतिमत्त्व राहतं. परदेशी आणि प्रवासी हे पहिल्या पत्रात 2:11 ला आहे, लगेच 12 मध्ये काय, तर परक्या लोकांमध्ये असं चांगलं वागा की तुमची कामं बघून त्यांनी देवाचं गौरव करावं. बाबेलला बंदिवान करून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवलं तेव्हाही तेच लिहिलं, घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं भलं बघा, आणि ते तर खरोखरचे परदेशात होते.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवतो तो करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय. आपल्यात दफनविधीला हमखास वाचतात, मरणा तुझी नांगी कोठे वगैरे, अंगावर काटा येतो. 57 वचनं पौल पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेल्यांच्या पुन्हा उठण्यावर बोलतो आणि 58 व्या वचनात म्हणतो, म्हणून स्थिर राहा, काम करत राहा, तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत. आणि 16 वा अध्याय कशाने उघडतो? वर्गणीने! यरुशलेममधल्या गरिबांसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडं थोडं बाजूला काढून ठेवायचं. मेलेले उठतील तेव्हा वाजणाऱ्या शेवटच्या तुतारीवरून तो सरळ वर्गणीवर येतो, कारण त्याच्या डोक्यात ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. देव हे शरीर उठवणार, ही सृष्टी नवी करणार असेल तर इथं कुणाची तहान भागवणं, कुणाला शिकवणं हे टाकाऊ कसं होईल?

पंडिता रमाबाईंचं बघा. आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळात गमावलेली. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, बालविधवा घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथं नुसत्या प्रार्थना होत नव्हत्या हो, शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, आंधळ्या बायकांना ब्रेल शिकवत होते. वर घर आहे यावर रमाबाईंचा पूर्ण विश्वास, आणि तरी त्या हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं सोपं मराठी करत बसल्या, 1921 ला एकुलती एक लेक मनोरमा गेली तरी ते काम सोडलं नाही, आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या. ज्या बायकांना समाजाने टाकून दिलं होतं त्यांच्याच हातांनी ते बायबल छापलं गेलं. भावाला एकदा केडगावला घेऊन जा, दौंडजवळच आहे.

याची दुसरी बाजूपण लिहायलाच हवी. गरिबाला सहन कर, वर मिळेल असं सांगून गप्प करणारे लोक पूर्वीही होते आणि आजही आहेत. हे पाप आहे. याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात प्रभूच्या येण्याची वाट बघा असं लिहिलंय, पण त्याच्या आधी शेतमजुरांची बुडवलेली मजुरी ओरडतेय आणि ती देवाच्या कानापर्यंत गेलीये असंही लिहिलंय. ज्याला स्वर्गाची खरी ओढ आहे त्याला इथला अन्याय जास्त बोचला पाहिजे, आपण रोज प्रार्थनेत म्हणतो ना, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही.

भाऊ दुःखात आहे हे विसरू नका. कदाचित पप्पांच्या जाण्याने काहीच करावंसं वाटत नाहीये आणि त्यासाठी तो वचनाचा आधार घेतोय. वाद घालू नका, त्याच्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना गणिताचं पुस्तक घेऊन सरळ घरी पाठवा.

पप्पा ओळखतील का? मला वाटतं हो. पुनरुत्थित येशू भुतासारखा नव्हता, शिष्यांसमोर त्याने भाजलेला मासा खाल्ला, हातावरचे व्रण तसेच होते, आणि त्याची शिष्या मरीया मग्दालीया हिला तो आधी माळी वाटला पण नावाने हाक मारल्यावर तिने ओळखलं. तिथं नाती नेमकी कशी असतील हे पवित्र शास्त्र फारसं उलगडून सांगत नाही, लग्न नसेल एवढं येशू म्हणाला. पण जो देव नावानिशी ओळखतो तो आपल्याला एकमेकांना अनोळखी करून टाकेल असं मला तरी वाटत नाही, आईंनाही हे सांगा.