बंद शाळेची माणसं

प्रश्न : लालबागच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी पाचवी ते दहावी शिकलो. पट घसरत गेला आणि काही वर्षांपूर्वी शाळा बंद झाली. आमच्या १९८९ च्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण सकाळच्या शुभेच्छांपलीकडे त्यावर काही होत नाही. आधीच्या-नंतरच्या बॅचचं कुणी ओळखीचं नाही. सर, बाई कुठे असतात कळत नाही. सगळ्यांना धरून ठेवायचं तर काय करावं? संस्था नोंदवावी का?
– एक माजी विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : शाळा चालू असते तेव्हा बॅचेस एकमेकींना ओळखत नसल्या तरी काही अडत नाही. ज्याला वाटेल तो जाऊन फाटकाशी उभा राहतो, ऑफिसात डोकावतो. शाळा बंद झाली की सगळ्या बॅचना ओळखणारे फक्त शिक्षक, ऑफिसातली माणसं आणि शिपाई उरतात. म्हणून माझं सांगणं असं, की विद्यार्थी नंतर जमवा, आधी कर्मचारी शोधा. परळच्या एका मराठी शाळेच्या ऑफिसात मी लिपिक होते. ती शाळाही आता नाही. आमच्याकडे बॅचेस जोडल्या गेल्या त्या बाईंमुळे आणि शिपाईमामांमुळे. एका बाईंचा फोन नंबर मिळाला, की पंचवीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना यायला कारण मिळतं.

त्यांना शोधायचं कसं? शाळा बंद होते तेव्हा नोकरीत असलेल्यांचं समायोजन दुसऱ्या शाळांत होतं, तिथे चौकशी करा. निवृत्त झालेल्यांची खबर शिक्षकांच्या पतपेढीत जुन्या सभासदांना असते. एक शिक्षक सापडले की त्यांना सेवाज्येष्ठता यादी आठवायला सांगा. ही यादी दरवर्षी निघायची, सगळ्यांच्या सह्या व्हायच्या, त्यामुळे कोण कुणाच्या वर आणि कोण खाली हे कुणीही शिक्षक विसरत नाही! शिपाईमामा बहुधा गावी गेलेले असतात, पण त्यांचा भाऊ किंवा पुतण्या त्याच चाळीत सापडतो. ऐंशीच्या पुढच्या बाईंना ग्रुपमध्ये घालून उपयोग नाही. त्यांना फोन करा, कार्ड पाठवा, आणि प्रत्येकीची जबाबदारी जवळ राहणाऱ्या एकाने नावानिशी घ्या.

आता विद्यार्थी. दहावीच्या वर्षावरून यादी करू नका, हे मी अगदी कळवळून सांगते. आमच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदवहीत, 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असे. एरवी तिथे 'एसएससी उत्तीर्ण' किंवा 'अन्य शाळेत प्रवेश' असं काहीबाही असायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतरची पानं उलटलीत तर त्या रकान्यात एकाखाली एक 'पालक गावी गेले', 'पालक गावी गेले' असंच दिसतं. कुणी पाचवीतून, कुणी सातवीतून, वर्षाच्या मध्येच. सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. ही मुलं कुठल्याच 'बॅच'मध्ये नाहीत, त्यांना कुणी बोलावत नाही, आणि शाळेची आठवण त्यांच्याइतकी कुणी जपलेली नाही. म्हणून विचारा ते असं : कोणत्या साली आलात, कोणत्या साली गेलात, तेव्हा कुठल्या चाळीत राहत होतात? चाळीवरून माणूस जितका चटकन सापडतो तितका आडनावावरून नाही. वर्षावरून घोळही होतात. १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली बॅच एकाच साली एसएससीला बसली, तेव्हा 'आम्ही पंचाहत्तरचे' म्हणणारे दोघे एका वर्गातले असतीलच असं नाही.

मुलींसाठी यादीत दोन रकाने ठेवा, माहेरचं नाव आणि आताचं नाव. तुमच्या पत्रात मुलींचा उल्लेखच नाही. निम्मा वर्ग मुलींचा, त्या गेल्या कुठे? त्यांचे भाऊ तुमच्याच शाळेत होते, त्यांना विचारा.

यादीत फोन नंबर असतील तर ती दोघा-तिघांकडेच असू द्या, ग्रुपवर टाकू नका. रजिस्टरच्या पानाचे फोटो तर मुळीच फिरवू नका, त्यात जात आणि जन्मतारीख असते.

वर्गाच्या फोटोंचं काम मात्र या वर्षीच उरका. बाईंच्या शेजारी बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि खालच्या रांगेपासून डावीकडून एकेक नाव विचारत जा. नावाबरोबर त्या आपणहून बरंच सांगतात : हा डबा आणत नसे, हिचा आवाज चांगला होता, ह्याचे वडील खटाव मिलमध्ये होते. ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या. फोटोच्या मागे नावं पेन्सिलीने लिहा, शाई पुढे उमटते.

भेटायचं ठिकाण दादर. कल्याणकडचे आणि विरारकडचे दोघंही तिथे गाडी न बदलता येतात. रविवार ठरवण्याआधी मेगाब्लॉक पाहा. हॉल तळमजल्यावरचा घ्या. मे महिना आणि गणपती टाळा, अर्धी माणसं कोकणात असतात.

संस्थेची घाई नको. नोंदणीला किमान सात जण लागतात, १८६० च्या सोसायटी कायद्याबरोबर आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद करावी लागते, आणि मग दरवर्षी हिशेब तपासून सादर करणं आलं. नियमित पैसा जमू लागला तर जरूर करा. तोवर एखाद्या सरांच्या आजारपणात मदत करायची झाली तर ज्याने-त्याने थेट त्यांच्या घरच्यांच्या खात्यात भरावी, कुणा एकाच्या खात्यात गोळा करू नये. अशाने चांगली माणसं तुटलेली मी पाहिली आहेत.

प्रश्न : वडिलांची मुंबईतली शाळा बंद झाली. शाळा सोडल्याचा दाखला हरवला आहे. आता तो कोण देणार?
– एक वाचक, कराड

उत्तर : जनरल रजिस्टर हा कायम जतन करायचा दस्तऐवज आहे, शाळा बंद झाली म्हणून तो रद्दीत जात नाही. आधी त्याच संस्थेची दुसरी शाळा चालू आहे का पाहा, रजिस्टरं बहुधा तिथे असतात. नसतील तर माध्यमिक शाळेसाठी मुंबईत त्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे अर्ज करा. महापालिकेची शाळा असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. अर्जात वडिलांचं शाळेत असतानाचं पूर्ण नाव, प्रवेशाचं आणि शाळा सोडल्याचं अंदाजे वर्ष, इयत्ता आणि तेव्हाचा पत्ता लिहा. रजिस्टर क्रमांक आठवत नसला तरी वर्षावरून शोधता येतं. उत्तर आलंच नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली रजिस्टर कुणाच्या ताब्यात आहे एवढंच विचारा. आणि अर्ज नुसता टेबलावर ठेवून येऊ नका, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन या.