पत्रा गावात, पत्र दिल्लीला

प्रश्न : आमच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवी मिळून ४१ मुलं आहेत. शिक्षक एकच. दोन खोल्यांपैकी एकीचा पत्रा गळतो. मी थेट देशाच्या शिक्षणमंत्र्यांना रजिस्टर पत्र पाठवायचं म्हणते, तर घरचे हसतात. एवढ्या मोठ्या मंत्र्याला शाळेचा पत्रा दुरुस्त करता येत नसेल, तर तो करतो तरी काय? — *एक आई, मराठवाडा*

उत्तर : ताई, घरच्यांना हसू द्या. मी निवृत्त झालो केंद्रप्रमुख म्हणून. माझं केंद्र म्हणजे अकरा शाळा आणि एक मोटरसायकल. पण सासुरवाडीत बरीच वर्षं समज होता की जावई 'केंद्रात' आहेत, म्हणजे दिल्लीत वजन असणार. तेव्हा केंद्राचं काम काय आणि आपलं काय, हा घोळ मला चांगला परिचयाचा आहे.

तुमची शाळा दिल्लीची नाही. शिक्षक जिल्हा परिषदेचे, पगार राज्य शासनाचा, पुस्तकं बालभारतीची. १९५० साली घटना लागू झाली तेव्हा शिक्षण हा विषय राज्यांच्या यादीत होता. केंद्राकडे काही विद्यापीठं आणि उच्च शिक्षणाचा दर्जा राखण्याचं काम, एवढंच. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना आझाद १९४७ पासून फेब्रुवारी १९५८ मध्ये वारले तोपर्यंत त्या खुर्चीवर होते, आणि त्यांच्या काळातली ठळक कामं पाहिली तर ती सगळी वरच्या मजल्यावरची दिसतात : १९५१ मध्ये खरगपूरची आयआयटी, १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग, संगीत-नाटक, साहित्य आणि ललित कला या तिन्ही अकादमी. तळमजला राज्यांचा होता. तिथं त्यांना सल्ला देता येई, हुकूम नाही.

पण सल्लाही कुठवर पोचतो बघा. एम. सी. चागला केंद्रात शिक्षणमंत्री असताना १९६४ मध्ये देशाच्या शिक्षणाचा विचार करायला कोठारी आयोग नेमला गेला. त्यानं दहा अधिक दोन अधिक तीन (शाळेची दहा वर्षं, मग अकरावी-बारावी, मग पदवीची तीन) असा आकृतिबंध सुचवला, आणि राज्यांनी आपापल्या सवडीनं तो घेतला. आपल्याकडे १९७५ च्या मार्चमध्ये जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली, दोन्ही एकदम एसएससीला बसल्या. मी जुन्यात, धाकटा भाऊ नव्यात. घरात कंदील एकच. आई म्हणायची, दोघांना एकाच वर्षी बसवायची बुद्धी कुणाला झाली? तिला कोठारी सांगून काय कळणार होतं!

मग १९७६ ची बेचाळिसावी घटनादुरुस्ती आली आणि शिक्षण समवर्ती यादीत गेलं. म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो, आणि जुळलं नाही तर सहसा केंद्राचा कायदा वरचढ. दिल्लीचा हात तळमजल्यापर्यंत पोचू लागला तो इथून. तरी हा हात बहुतेक वेळा पैशाचा असतो. १९८७ ची खडू-फळा मोहीम आठवते का कुणाला? ऑपरेशन ब्लॅकबोर्ड. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याची पेटी. मी तेव्हा एका दोनशिक्षकी शाळेत होतो. पेटीत नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानाचं साहित्य, आणि चक्क ढोलकी! आमच्या मुख्य गुरुजींनी यादीवर सही केली, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. मुलांनी मोडतोड केली तर भरून कोण देणार, हा त्यांचा सवाल. वर्षभरानं कुलूप उघडलं तेव्हा ढोलकीचं एक तोंड उंदरानं खाल्लेलं. योजना दिल्लीची, किल्ली गुरुजींची. पुढं नोकरीभर मी हेच पाहत आलो.

आज तो पैसा 'समग्र शिक्षा' या नावानं येतो. आपल्यासारख्या राज्यात शंभरातले साठ केंद्राचे, चाळीस राज्याचे. आणि कायदा आहे तो शिक्षण हक्काचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक. तुमची ४१ आहेत. म्हणजे दुसरा शिक्षक मागताना तुम्ही उपकार मागत नाही.

आता पत्र्याचं. दिल्लीचं तिकीट वाचवा. आधी मुख्याध्यापकांकडे जा (एकच शिक्षक म्हणजे तेच मुख्याध्यापक) आणि शाळेची यू-डायस माहिती (दरवर्षी सरकारला भरून द्यायची शाळेची नोंद) दाखवा म्हणा. त्यात प्रत्येक खोलीची अवस्था लिहायची असते : चांगली, किरकोळ दुरुस्तीची, मोठ्या दुरुस्तीची. 'चांगली' असं लिहिलेलं मी किती गळक्या खोल्यांपुढं पाहिलंय, विचारू नका. वाईट लिहिलं तर वरून विचारणा होईल, ही भीती. पण कागदावर खोली चांगली असेल, तर तिच्या दुरुस्तीला पैसा कुठल्या तोंडानं मागणार? ती नोंद आधी नीट करून घ्या. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पत्रा आणि शिक्षक असे दोन वेगळे ठराव करा. एकाच कागदावर दोन मागण्या गेल्या की कागद दोन टेबलांच्या मधोमध अडकतो. ठराव ग्रामपंचायतीला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

प्रश्न : माझ्याकडच्या एका स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'शिक्षण मंत्रालय' आहे, दुसऱ्यात 'मनुष्यबळ विकास'. खरं कुठलं? — *एक परीक्षार्थी, पुणे*

उत्तर : दोन्ही. २६ सप्टेंबर १९८५ ला राजीव गांधींच्या सरकारनं शिक्षण, संस्कृती, क्रीडा, महिला-बालविकास असं सगळं एका छपराखाली आणून मनुष्यबळ विकास मंत्रालय केलं. पहिले मंत्री पी. व्ही. नरसिंह राव. पुढच्या वर्षीचं राष्ट्रीय शिक्षण धोरण त्यांच्याच हातचं. हळूहळू बाकीची बिऱ्हाडं वेगळी झाली आणि मागं शिक्षणच उरलं, पाटी मात्र तीच. २९ जुलै २०२० ला नवं धोरण मंजूर झालं, त्याच बैठकीत जुनं नाव परत आलं. मला ते आवडलं. पोराला दगडी कोळशाच्या रांगेत बसवून 'संसाधन' म्हणणं (हिंदी पाटीवर 'मानव संसाधन' होतं) मला कधी पटलं नाही.

जुना संदर्भही टिपून ठेव. व्हाइसरॉयच्या सरकारात शिक्षणाचं वेगळं खातं झालं १९१० मध्ये, आणि त्याचे पहिले सदस्य, म्हणजे आजच्या भाषेत मंत्री, हारकोर्ट बटलर. त्यांच्याच समोर आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. वर्षभरानं मतदान झालं : बाजूनं १३, विरुद्ध ३८. बटलरसाहेब विरुद्ध. गोखल्यांनी जे मागितलं, ते शिक्षण हक्क कायद्यानं लागू व्हायला आणखी ९८ वर्षं गेली. परीक्षेत हा आकडा विचारणार नाहीत, तरी लक्षात ठेव.

प्रश्न : दिल्लीतलं हे खातं कधी मराठी माणसाकडे होतं का? — *एक ज्येष्ठ वाचक, नाशिक*

उत्तर : होतं तर. अलीकडचे पुण्याचे प्रकाश जावडेकर, २०१६ ते २०१९. चागला मुंबईचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले, पण मातृभाषा मराठी नव्हे. ते पुढं परराष्ट्रमंत्री झाले आणि १९६७ मध्ये विद्यापीठांत इंग्रजीच्या जागी घाईनं प्रादेशिक भाषा आणण्याला विरोध म्हणून राजीनामा देऊन बाहेर पडले. खातं सुटलं तरी शिक्षणाचा प्रश्न त्यांना सुटला नाही.

आणि तिसरे बहुतेकांना आठवत नाहीत. ऑक्टोबर १९८० ते ऑगस्ट १९८१ असे जेमतेम दहा महिने केंद्रीय शिक्षणमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. त्यांच्या शिस्तीमुळं महाराष्ट्रानं त्यांना नाव ठेवलं होतं 'हेडमास्तर'. ते दिल्लीत त्या खुर्चीवर बसले तेव्हा मी पहिल्याच नेमणुकीवर होतो, आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत चर्चा एकच : आता हजेरीपट दिल्लीहून तपासायला येणार!