पेटंट संपलं, मग जेनेरिक कुठे आहे?

प्रश्न : आईला वर्षानुवर्षं एक महागडी गोळी चालू आहे. तिचं पेटंट संपल्याची बातमी वाचून घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं. त्याला कित्येक महिने झाले, पण जेनेरिकचा, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या स्वस्त गोळीचा, पत्ता नाही. कंपन्या मुद्दाम अडवून धरतात का? आणि आलंच, तर आईला ते द्यावं का?
– एक वाचक

उत्तर : मुद्दाम अडवणं घडतं, आणि बरंच घडतं. पण बातमीतलं पेटंट नेमकं कशाचं होतं, ते आधी शोधा.

औषधावर सहसा एकच पेटंट नसतं. पहिलं मूळ रेणूचं, म्हणजे गोळीतल्या मुख्य औषधी घटकाचं. त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. अर्ज रेणू सापडल्यावर लगेच होतो आणि पुढची कितीतरी वर्षं चाचण्यांत जातात, म्हणून प्रत्यक्ष विक्रीला कमी काळ उरतो. कंपन्यांची ही तक्रार मला रास्त वाटते. अमेरिकेत आणि युरोपात त्यासाठी ५ वर्षांपर्यंत भरपाईही मिळते. पण मग त्याच रेणूचा नवा क्षार, नवं स्फटिकरूप, गोळीवरचं आवरण, डोसची पद्धत, अशा प्रत्येक गोष्टीवर वेगळं पेटंट घेतलं जातं. तारखा पुढेपुढे सरकत राहतात.

संधिवातावरचं अडॅलिमुमॅब घ्या. अमेरिकेत त्याचं मूळ पेटंट २०१६ मध्ये संपलं, पण भोवती शंभराहून जास्त पेटंटांचं कुंपण होतं. दावे झाले, तडजोडी झाल्या. त्याच्यासारखी बायोसिमिलर इंजेक्शनं युरोपात ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, अमेरिकेत थेट जानेवारी २०२३ मध्ये. आजार तोच, औषध तेच. सांधे सुजलेल्या माणसांनी मधली चार वर्षं का मोजायची? मला याचा आजही संताप येतो. भारताच्या पेटंट कायद्यातलं कलम ३(ड) मला म्हणूनच मोलाचं वाटतं. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप उपचारात जास्त गुणकारी नसेल, तर त्याला पेटंट नाही. याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकचा दावा फेटाळला.

जेनेरिक बनवणाऱ्यांची तयारी मात्र पेटंट संपायच्या कितीतरी आधी सुरू होते. माझी सगळी नोकरी अशाच प्रयोगशाळेत गेली. ३७ अंशांवर ठेवलेल्या सहा भांड्यांत सहा गोळ्या टाकायच्या आणि ठरावीक मिनिटांनी नमुना काढून किती औषध विरघळलं ते मोजायचं. विरघळण्याचा आलेख मूळ गोळीच्या आलेखाशी जुळेना, की पुन्हा पहिल्यापासून. पेटंट चालू असताना मंजुरीपुरते असे प्रयोग करायला अमेरिकेने १९८४ मध्ये कायद्याने मुभा दिली आणि पुढे अनेक देशांनी. विक्रीचा साठा आधीच करून ठेवायची कॅनडाची सवलत मात्र जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने २००० मध्ये नियमात बसत नाही असं ठरवलं.

आणखी एक. पहिलं जेनेरिक आलं की भाव लगेच कोसळेल, असं धरून चालू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या विश्लेषणात जेनेरिकचा एकच उत्पादक असताना किंमत सुमारे ३९ टक्क्यांनी उतरलेली दिसते. सहा किंवा अधिक झाले की ९५ टक्क्यांहून जास्त. तिथे पेटंटाला आव्हान देणाऱ्या पहिल्या कंपनीला १८० दिवस इतर जेनेरिकांची स्पर्धा नसते, तोही काळ धरा.

आईला द्यावं का? रीतसर मंजुरी मिळालेलं असेल, तर बहुतेक औषधांच्या बाबतीत माझं उत्तर ‘हो’ आहे. जेनेरिकच्या मंजुरीचा ‘८० ते १२५ टक्के’ हा निकष ऐकून लोक घाबरतात, जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी असतं असं समजतात. तसं नाही. मूळ गोळी आणि जेनेरिक घेतल्यावरच्या रक्तातल्या पातळ्यांची तुलना करतात, आणि तिच्यातल्या सांख्यिकीय अनिश्चिततेची अख्खी पट्टी त्या मर्यादेत बसावी लागते, त्यामुळे सरासरीतला प्रत्यक्ष फरक सहसा खूपच लहान असतो. फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांपैकी गोळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. बदलल्यावर ते सांगतील ती तपासणी करा आणि मग सारखी कंपनी बदलू नका. इतर गोळ्यांच्या बाबतीतही डॉक्टरांच्या कानावर घाला, स्ट्रिपवरचं घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून पाहा. आणि जुनी स्ट्रिप उरली असेल तर बाजूला काढा, नावं वेगळी दिसतात म्हणून आई दोन्ही गोळ्या घेईल.