सगळ्या सबडोमेनला एकच प्रॉपर्टी, की प्रत्येक विभागाला वेगळी?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठाची तीसेक सबडोमेन (मुख्य पत्त्याच्या पुढं विभागाचं नाव लावलेल्या साइट) आहेत, तर गुगल ॲनालिटिक्सची, म्हणजे साइटवर किती लोक येतात ते मोजणाऱ्या गुगलच्या साधनाची, प्रॉपर्टी (आकडे साठवायचा कप्पा) प्रत्येक विभागाला वेगळी काढून द्यावी का. अजिबात नका देऊ. जीए-४ ची (गुगल ॲनालिटिक्सची आताची आवृत्ती) एकच प्रॉपर्टी, एकच वेब स्ट्रीम (साइटवरून येणारा डेटा), तोच मेजरमेंट आयडी (त्या स्ट्रीमचा ओळख क्रमांक) सगळीकडं. कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली युजरच्या ओळखीची खूण) आपोआप मूळ डोमेनवर बसते, सबडोमेनसाठी क्रॉस-डोमेनचं (वेगळ्या डोमेनवर गेला तरी युजर तोच धरायची सेटिंग) काही करावं लागत नाही. विभागाचा आकडा पाहिजे तर होस्टनेम (त्या साइटचा पूर्ण पत्ता) लावून बघायचा.

इतकं ठासून सांगायलोय कारण मराठवाड्यातल्याच एका मोठ्या संस्थेत (नाव नको) मी याच्यावरून लई डोकं फोडून घेतलंय. परीक्षा विभागाचं वेगळं, ग्रंथालयाचं वेगळं, प्रवेशाचं तर कंत्राटावरच्या पोराच्या खासगी जीमेलवर, तो पुण्याला गेला अन् फोनच उचलेना. नॅकची (कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणारी संस्था) फाईल करताना साहेबांनी सगळ्या प्रॉपर्टीतले युजर एक्सेलमध्ये ओढले आणि बेरीज मारली. मी म्हणलं, सर, बेरीज काहून करायलात, अंबाजोगाईचं एक लेकरू मुख्य साइटवर येतं, तिथून हॉलतिकीट काढतं, पुढं निकाल बघतं, तुमच्या शीटमध्ये त्याची तीन लेकरं झाली, एकानंच तीन पंगतीत जेवण केलं तर पाहुणे तीन धरायचे का? तर म्हणे, "तू आकडा कमी काहून करायलास?" सगळी मीटिंग हसली. फाईल तशीच गेली.

पुढं १ जुलै २०२३ ला जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स बंद पडलं तेव्हा सगळं एकाच प्रॉपर्टीत घेतलं. एकूण युजर अर्थातच खाली आले, अन् साहेब आजपण सांगत फिरतात की गुगलनं आपले आकडे घटवले.

हां, निकाल दुसऱ्याच कंपनीच्या डोमेनवर लागत असतील तर तिथं क्रॉस-डोमेन लावावंच लागतं, त्यांनी टॅग (मोजणीचा कोड) टाकू दिला तर. फुकटच्या जीए-४ मध्ये सबप्रॉपर्टी (मोठ्या प्रॉपर्टीतून एका विभागापुरता काढलेला कप्पा) नसते, ती पैसेवाल्या ॲनालिटिक्स ३६० मध्ये, म्हणून विभागप्रमुखांना थेट ॲक्सेस न देता लुकर स्टुडिओत (गुगलचं रिपोर्ट बनवायचं साधन) होस्टनेमचा फिल्टर लावून रिपोर्ट द्या. डेटा रिटेन्शन (युजरचा तपशीलवार डेटा किती दिवस ठेवायचा ती सेटिंग) पहिल्याच दिवशी २ चं १४ महिने करा.

आणि निकालाच्या दिवशी नेट कॅफेत एकाच कॉम्प्युटरवर पोरांची रांग लागते ना, ती सगळी रांग गुगलला एकच युजर दिसते. म्हणजे खरी माणसं आकड्यापेक्षा जास्त पण असू शकतात. हे आमच्या साहेबांना मी सांगितलेलं नाही, तुम्हीपण सांगू नका.