अर्धं ॲप तयार आहे, आता पूर्ण करू की आधी चाचणी घेऊ?

तुम्ही म्हणताय, ॲप अर्धं झालंय, ओळखीतल्या वीसेक जणांना कल्पना आवडलीय आणि आता नोकरी सोडून ते पूर्ण करायचा विचार आहे. चाचणी घेतली तर कोणी कल्पना चोरेल, ही धास्तीही आहे.

त्या वीस जणांचं मत आधी बाजूला ठेवा. ओळखीचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. मी यात पोळलोय. शिकवणी वर्गांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनवत होतो आणि जिथे दाखवलं तिथे "वा, छान" ऐकलं. आठ महिने खपल्यावर पैशांचा विषय काढला, तर एक सर म्हणाले, "आमची वही बरी चालते की." ती वही पहिल्या भेटीपासून टेबलावरच होती. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून "तुम्ही हे वापराल का?" हा प्रश्न मी सोडला. मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत, त्यात किती वेळ गेला, कोणाला पैसे दिले, एवढंच विचारतो. समोरच्याने काहीच केलं नसेल, तर त्याला ती फारशी बोचत नाही असं समजा.

आणि चाचणीला ॲप लागतंच असं नाही. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक बनवण्याआधी जेफ हॉकिन्स खिशात त्याच मापाचा लाकडी ठोकळा घेऊन फिरायचे. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचे. असलं यंत्र आपण खरंच जवळ बाळगू का, एवढंच त्यांना बघायचं होतं. १९९९ मध्ये निक स्विनमर्न यांनी दुकानांतल्या बुटांचे फोटो वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की ते त्याच दुकानातून बूट विकत घेऊन पाठवत. त्यात कमाई नव्हती, पण पायात न घालता लोक बूट घेतात हे गोदाम न उभारता कळलं. पुढे त्याचीच झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी झाली. घरपोच किराणा देणाऱ्या वेबव्हॅनने मात्र गोदामांसाठी एक अब्ज डॉलरचं कंत्राट आधी केलं आणि २००१ मध्ये दिवाळं काढलं.

कधी तपासायचं? मागे फिरता येणार नाही अशा खर्चाच्या आधी. तुमच्या बाबतीत राजीनाम्याच्या आधी. लोगो, रंग, नाव यांच्या चाचण्या घेत बसू नका, ते कधीही बदलता येतं.

पन्नास अनोळखी लोकांपैकी किती जणांनी आगाऊ पैसे दिले तर पुढे जायचं, तो आकडा आजच कागदावर लिहा. निकाल बघून ठरवायला गेलात की मन पळवाट काढतंच. (पैसे घेताना काम अजून अर्धं आहे हे सांगा आणि परत द्यायची तयारी ठेवा.) इटलीतल्या ११६ नवउद्योगांवर एक प्रयोग झाला होता, निष्कर्ष २०२० मध्ये आले. गृहीतकं मांडून तपासायला शिकवलेल्या गटाने दिशा जास्त वेळा बदलली आणि कमाईही जास्त केली.

चोरीचं म्हणाल, तर कल्पना ऐकून कोणी आपलं काम टाकून धावत सुटत नाही. पेटंट घेण्यासारखं काही असेल तर मात्र अर्ज आधी करा. बऱ्याच देशांत एकदा जाहीर दाखवलं की तो हक्क जातो.